"हे तू भिंतीपलीकडे गातेस ना?" : छोट्या गटात सहकुटुंब गाण्याबद्दल

ओंजळ (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीचा (चर्चचा) छोटा गट दर शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमतो. पाच कुटुंबं, दोघं एकटे राहणारे, लेकरं धरून एकोणीस माणसं. चार वर्षांपासून पद्धत एकच आहे. आल्याआल्या मुलांना आतल्या खोलीत बसवायचं, समोर काहीतरी लावून द्यायचं, दार लोटायचं. मग बाहेर मोठ्यांची वीस-पंचवीस मिनिटं स्तुती-आराधना, त्यानंतर वचन आणि प्रार्थना. गाणी स्पीकरवर लागतात आणि आम्ही त्यांच्यासोबत गातो.

मागच्या आठवड्यात आठ वर्षांच्या मुलीला निजवताना मी गटातलंच एक गीत गुणगुणत होते. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "हे तू भिंतीपलीकडे गातेस ना?" मला पुढे गाताच येईना. माझ्या लेकीला माझं गाणं ठाऊक आहे ते भिंतीपलीकडून. आई कुणासाठी गाते, डोळे मिटून का गाते, मधेच तिचा आवाज का भरून येतो, यातलं काहीच तिने पाहिलेलं नाही.

तेव्हापासून मनात आहे की निदान गाण्याच्या वेळी तरी सगळ्यांनी एकत्र बसावं. पण अडचणी दिसतात. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, तो गाणारच नाही म्हणतो. धाकटा तीन वर्षांचा, एका जागी बसत नाही. आणि ह्यांचं म्हणाल तर हातात गीतांचं पुस्तक धरून बसतात, ओठ हलत नाहीत. विश्वासात कमी नाहीत, पण गात नाहीत.

तुमच्या गटात हे कसं चालतं? काय केल्याने जमलं, काय केल्याने बिघडलं, दोन्ही सांगा.

---

काळी_पांढरी

मंडळीत पेटी वाजवतो, म्हणून आधी पट्टीबद्दल बोलतो. लोक गात नाहीत याची कारणं आपण भक्तीत शोधत बसतो. पुष्कळदा ते गाणं त्यांच्या गळ्यात बसत नाही, एवढंच असतं.

तुम्ही स्पीकरवर लावता ती गाणी तयारीच्या गायकाने स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गायलेली असतात. हल्लीच्या कितीतरी गाण्यांत पहिलं कडवं खर्जात सुरू होतं आणि शेवटी तीच चाल एक सप्तक वर उडी घेते. ऐकायला छान वाटतं. पण सामान्य माणूस सुरुवातीला तळाशी घुटमळतो आणि शेवटी वर पोचत नाही, म्हणजे दोन्हीकडून सुटतो. मुलं तर त्या उडीच्या जागी हमखास गप्प होतात.

गटासाठी गाणं निवडताना त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधा. बायका-मुलांच्या आवाजात तो पल्ला मधल्या पांढरी एकपासून (म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून) वरच्या पांढरी दोनपर्यंत बसला तर बहुतेक सगळे गातील, पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. अगदी लहान मुलांचा सोयीचा पल्ला आणखी आखूड असतो, साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा. तुमच्या तीन वर्षांच्या लेकराला जेमतेम चार-पाच सूर मिळाले तरी ते गाईल, पण ते त्याच्या आवाक्यातले हवेत. खर्जात गायला लावलं की मुलं गात नाहीत, पुटपुटतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना आवड नाही.

दुसरं, स्पीकर बंद करा. एक महिना करून पाहा. माणसाला स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही की तो हळूहळू गायचं थांबवतो. पंधरा माणसांच्या खोलीत स्पीकरची गरजच काय? सुरुवातीला उघडंउघडं वाटेल, दोन गाणी फसतीलही. वाद्य नसलं की चाल रेंगाळते, तेवढं एकाने मांडीवर ताल धरून सांभाळावं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली मंडळीने कसं गावं याच्या सूचना छापल्या होत्या. सगळ्यांनी गा, मोकळ्या गळ्याने गा, पण इतरांच्या वर ओरडू नका, ताल धरा, गाणं रेंगाळू देऊ नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शब्द देवाकडे लक्ष ठेवून गा. अडीचशे वर्षांहून जुन्या आहेत, पण त्यांतली प्रत्येक सूचना मला दर रविवारी लागू पडताना दिसते.

---

दोन_घडी

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडते.

मी एकटी आई आहे, दोन जुळी मुलं. आठवडाभरात कुणी माझ्या हातून लेकरं घेतं ते फक्त गटाच्या संध्याकाळी. त्या वीस मिनिटांत मी प्रभूसमोर नुसती असते. कुणाला पाणी नको असतं, कुणाचं नाक पुसायचं नसतं. मुलं आत आली की ती वेळ माझ्यासाठी संपली. "सहकुटुंब" हा शब्द गोड आहे, पण त्याचा भार कुणावर पडतो तेही बघा. मुलं चुळबुळली की सगळ्यांचे डोळे आईकडेच वळतात.

---

ओंजळ

दोन_घडी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मुलं आत आली तर त्यांना धरून बसायचं काम त्यांच्या आईचंच, हे आम्हीही गृहीतच धरलं असतं.

---

वाटेवरचा_पाळक

दोन_घडी यांनी जे लिहिले आहे ते प्रत्येक गटप्रमुखाने वाचावे. त्यावर एक सुचवतो. आमच्या गटात एक नियम आहे: गाण्याच्या वेळी लहान मूल आपल्या आईवडिलांजवळ बसत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर बसते. आधी ओळख व्हावी लागते, दोन-तीन महिने गेले. पण आता जुळ्यांसारखी दोन लेकरे दोन वेगळ्या कुटुंबांत बसतात आणि त्यांची आई डोळे मिटून गाऊ शकते. मुले खोलीत असतात, पण तिच्या अंगावर नसतात.

आता शास्त्राबद्दल. बायबलमधली कलस्सैकरांस पत्र ३:१६ आणि इफिसकरांस पत्र ५:१९ ही प्रेषित पौलाची दोन्ही वचने उघडून बघा. पौल गाण्याविषयी लिहितो तेव्हा देवासाठी गा असे म्हणतोच, पण त्याबरोबर एकमेकांना शिकवा, एकमेकांशी बोला असेही म्हणतो. म्हणजे गाणे वर जाते तसे आडवेही जाते. ज्यांना शिकवायचे तेच खोलीबाहेर असतील तर निम्मे वचन आपण वाचलेच नाही. अनुवाद या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर मोशेला गीत लिहून घ्यायला आणि ते इस्राएलाच्या मुखी घालायला सांगतो. पुढच्या पिढ्या ते विसरणार नाहीत, असे कारणही देतो. नियमशास्त्र लिहून ठेवले होतेच, तरी गीत वेगळे दिले. तोंडात बसलेले गाणे माणसाबरोबर दूरवर जाते.

मंदिरात मुले "होसान्ना" ओरडत होती तेव्हा मुख्य याजक आणि शास्त्री संतापले. प्रभूने मुलांना गप्प केले नाही, आठव्या स्तोत्राचा आधार देऊन त्यांची बाजू घेतली (मत्तय २१:१५-१६). ती मुले सुरात ओरडत असतील असे मला वाटत नाही.

करायचे कसे, तर ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून सुरुवात करा. १३६वे स्तोत्र घ्या. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीचा उत्तरार्ध तोच. एकाने पूर्वार्ध वाचायचा, उरलेल्यांनी उत्तरार्ध म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या ओवीला तीन वर्षांचे मूलही सामील होते. मंदिरातल्या उपासनेत लोक बहुधा असेच उत्तर देत असावेत, त्याची बांधणीच तशी आहे. गीतांतही ध्रुवपदाची गीते निवडा, कडवी मोठ्यांची आणि ध्रुवपद सर्वांचे. मराठीत आपण भाग्यवान आहोत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताची गीते ओवी-अभंगाच्या वळणाने लिहिली. त्या चाली शिकवाव्या लागत नाहीत, भाषेतच असतात.

आणि गीते थोडी ठेवा. सहा महिने दहाच गीते. मोठ्यांना कंटाळा येईल, येऊ द्या. मुलांना तीच गोष्ट शंभरदा ऐकायची असते, गाण्याचेही तसेच आहे.

---

मुका_साक्षी

ओंजळ ताई, तुमच्या यजमानांबद्दल लिहितोय, कारण मी तोच माणूस आहे.

चौथीत असताना मला समूहगीतातून बाहेर काढलं आणि सांगितलं की तू नुसते ओठ हलव. मी पस्तीस वर्षं नुसते ओठ हलवले. लग्नात, मंडळीत, स्वतःच्या मुलीच्या समर्पणाच्या दिवशीसुद्धा. आराधनेच्या वेळी माझ्या मनात देवाचा विचार कमी आणि "शेजारच्याला माझा आवाज ऐकू गेला तर" हाच जास्त असायचा. बायकोला वाटायचं मी थंड आहे.

बदल झाला तो कुणी आग्रह केल्याने नाही. आमच्या गटात एक वयस्कर काका आले. आवाज भारदस्त, सरळ, एकाही सुराला न हलणारा. मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. कुणी ठरवून बसवलं नव्हतं. त्यांचा आवाज इतका पक्का होता की त्याच्या आडोशाला मला हळूच गाऊन बघता आलं. चुकलो तरी तो आवाज मला परत आणायचा. साताठ महिन्यांनी मला माझा आवाज त्यांच्या आवाजात मिसळलेला कळला. सूर अजिबातच न कळणारी माणसं खरोखर फार थोडी असतात. माझ्यासारखे बरेच जण गप्प केलेले असतात.

यजमानांना "गा ना" म्हणू नका, कृपा करून. त्यांना वाचायला द्या. पाळकसाहेबांनी सांगितलेल्या स्तोत्राचे पूर्वार्ध त्यांना वाचू द्या. बाकीचे उत्तर देतील तेव्हा त्यांचा आवाज उपासनेत आलेला असेल आणि त्यात सूर लागायची भीती नसेल.

माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे. मागे मला म्हणाली, बाबा, तुम्ही चुकीचं गाता पण मला आवडतं. हे वाक्य मी बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

---

दहावी_ब

मी सोळा वर्षांची आहे, आईच्या खात्यावरून नाही, माझ्याच खात्यावरून लिहितेय. तेरा वर्षांच्या दादाबद्दल थोडंसं.

त्या वयात मुलांचा आवाज फुटतो. माझ्या भावाचा फुटला तेव्हा तो एका वाक्यात दोन आवाजांत बोलायचा आणि सगळे हसायचे. त्यानंतर तो गटात गायला नाही, त्याला गिटार दिली तेव्हाच परत आला. त्याला वाद्य द्या, ताल द्या, गाण्यांची यादी करायला द्या. फक्त "आता आपला अमुक एक गीत गाईल" असं म्हणून मधे उभं करू नका. ते सगळ्यात वाईट. मोठ्यांना ते कौतुक वाटतं, पण आम्हाला वाटतं की आता देवासाठी नाही, पाहुण्यांसाठी गायचंय.

आणि कधीतरी आम्हाला गाणं निवडू द्या, आणि निवडलेलं खरंच गा. "हे जरा वेगळं आहे, पुढच्या वेळी बघू" असं तीनदा झालं की चौथ्यांदा कुणी सुचवत नाही.

---

काळी_पांढरी

दहावी_ब, अगदी बरोबर. आवाज फुटताना मुलाचा पल्ला काही महिने फार आखूड होतो, कधीकधी पाचसहा सूरच धड लागतात. त्या काळात त्याला खालचा एकच सूर धरून ठेवायला दिला तरी तो गाण्यात राहतो. यावरून एक जुनी गोष्ट आठवली. १५२४ साली योहान वाल्टर यांचा गीतसंग्रह निघाला, त्याला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी प्रस्तावना लिहिली. गीतं अनेक आवाजांत का बांधली याचं कारण त्यांनी तरुणांचं दिलं आहे: त्यांना संगीत शिकायचंच असतं, तर चांगलं काहीतरी हाती द्यावं. म्हणजे मुलांना सोपं देऊन गप्प बसवलं नाही, अवघड आणि सुंदर दिलं. तेरा वर्षांच्या मुलाला वेगळा आवाज धरायला देणं हा त्याचा मान आहे.

---

कान_झाकलेला

आमचा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. एकदम टाळ्या वाजल्या, कुणी मोठ्याने "हालेलुया" म्हटलं की तो कान झाकून टेबलाखाली जातो. दोन गट आम्ही याच कारणाने सोडले. कुणी वाईट वागलं नाही, फक्त तो टेबलाखाली असताना सगळे गात राहायचे आणि आम्ही तिघं तिथे असूनही नसायचो.

आताच्या गटात तीन गोष्टी करतात. स्पीकर नाही. कोणती गाणी कोणत्या क्रमाने होणार ते आम्हाला आदल्या दिवशी कळवतात, मी त्याला चित्रं काढून दाखवते. आणि दार उघडं असतं. तो मधेच बाहेर जातो, ओट्यावर बसतो, परत येतो, कुणी वळून बघत नाही. टाळ्यांऐवजी हात वर करतात. तो गात नाही, पण शेवटच्या गाण्याला दारापाशी येऊन उभा राहतो, दर वेळी त्याच जागी.

ताई, तुमच्या दाराबद्दल वाचलं म्हणून लिहिलं. पहिल्याच दिवशी सगळी मुलं सगळा वेळ आत बसायला हवीत असं नाही. दार उघडं ठेवा, पुष्कळ आहे.

---

रूफाची_आई_नसलेला

नाव वाचून कोड्यात पडू नका. रोमकरांस पत्र १६:१३ मध्ये पौल रूफाला सलाम सांगताना त्याची आई ती माझीही आई असं लिहितो. पौलाला गटात आई मिळाली होती. मी अविवाहित आहे, चव्वेचाळीस वर्षांचा, आईवडील गेले. कौटुंबिक उपासना म्हटलं की माझ्यासारख्याला वाटतं आता आपण जरा बाजूला बसावं.

कुटुंबं कुटुंबंच एकेका कोचावर बसली तर तसंच होतं. गोल बसा आणि मिसळून बसा. वर पाळकांनी मांडीवरच्या मुलांचं सांगितलं, त्यातली एक मांडी माझी असती तर मला किती बरं वाटलं असतं ते इथे शब्दांत येत नाही.

---

सांजवात

सगळे आनंदाच्या गाण्यांबद्दल बोलतायत, म्हणून हे. माझे पती गेले त्यानंतर गटात गेले तर चारही गाणी विजयाची. मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा उभे होतो, दोघांच्याही तोंडून शब्द निघेना. तो घरी येऊन म्हणाला, देवाला रडकी माणसं चालत नाहीत का?

स्तोत्रसंहितेत रडणारी, भांडणारी, "किती काळ" असं विचारणारी स्तोत्रं भरपूर आहेत. तेरावं काढून बघा. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. मी गटप्रमुखांना विचारलं की महिन्यातून एकदा असं एक म्हणू या का. त्यांनी लगेच पुढच्याच आठवड्यात तेरावं वाचलं आणि नंतर संथ चालीचं एकच गीत घेतलं. माझा मुलगा त्या दिवशी माझ्या कडेला टेकून गायला. मुलांना आत घ्याल तर त्यांच्या दुःखालाही आत घ्या. मुलांनाही असतं ते.

---

दूरदेशी

एक छोटा प्रश्न. आमचा गट विखुरला आहे, आम्ही व्हिडिओ कॉलवर जमतो. एकत्र गायला गेलं की नुसता गोंधळ होतो. कुणी काही मार्ग काढला आहे का?

---

काळी_पांढरी

@दूरदेशी, तिथे एकत्र गाणं होणार नाही, प्रयत्न सोडा. आवाज पोचायला लागणारा वेळ सेकंदाच्या हजार भागांतल्या तीसेक भागांपुढे गेला की ताल जुळत नाही, आणि कॉलवर तो त्याहून बराच जास्त असतो. एका घराने माइक चालू ठेवून गावं, बाकीच्यांनी आपापले माइक बंद करून आपल्या घरात मोठ्याने गावं. पुढचं गीत दुसऱ्या घराचं. गंमत अशी की प्रत्येक घरात त्या वेळी फक्त घरचीच माणसं एकमेकांना ऐकू येतात. कित्येक कुटुंबं तशी पहिल्यांदाच एकत्र गायली.

---

ओंजळ

सहा आठवडे झाले, म्हणून परत येतेय.

पहिल्या शुक्रवारी स्पीकर बंद ठेवला. पहिलं गीत कुणीतरी फार वर उचललं, दुसऱ्या कडव्याला सगळेच थांबले. कुणी बोलेना. मग एका ताईंनी तेच गीत खालून परत सुरू केलं आणि ते शेवटपर्यंत गेलं. स्पीकर असता तर आपण थांबलोय हे कळलंही नसतं.

दार उघडं ठेवलं. पहिल्या दिवशी फक्त माझी मुलगी आणि आणखी एक जण बाहेर आले, दाराच्या चौकटीत बसले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आतल्या खोलीत लावून दिलेलं कुणी बघतच नव्हतं, मग ते बंद केलं. धाकट्याला आमच्यातले एकटे राहणारे एक दादा घेऊन बसतात. रूफाची आई नसलेल्या दादांचा प्रतिसाद मी गटात वाचून दाखवला होता (नाव न घेता), त्यानंतर त्यांनीच हात पुढे केले.

मोठ्याने गीतांची यादी करायचं काम घेतलं आहे. गात नाही अजून. पण काल यादी करताना त्याने मला विचारलं की हे गीत शांत आहे, ते प्रार्थनेच्या आधी घालू का नंतर. मी म्हटलं तूच ठरव.

सगळंच जमलं असं नाही. एक कुटुंब दोन आठवडे आलं नाही, त्यांना शांत उपासना हवी आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. दोन_घडी, तुमचा प्रतिसाद नसता तर मी त्यांच्यावर रागावले असते. आता ठरवतोय की शेवटची प्रार्थना फक्त मोठ्यांनी, शांतपणे बसून करायची.

आणि हे. १३६वं स्तोत्र ह्यांना वाचायला दिलं. मुका_साक्षी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिल्या ओव्या ह्यांनी घाईघाईने वाचल्या. धाकटा दादांच्या मांडीवरून उत्तर द्यायला लागला, ओवी संपायच्या आधीच, प्रत्येक वेळी, अगदी मोठ्याने. फारो समुद्रात बुडाला त्या ओवीपाशी हे थांबले, त्याच्याकडे बघितलं आणि त्याचं म्हणून होईपर्यंत वाट पाहिली. मग तिथून पुढच्या प्रत्येक ओवीला हे थांबत गेले.

काल रात्री मुलीला निजवताना मी गात होते. दुसऱ्या कडव्याला बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू, ध्रुवपदापुरता. मुलगी म्हणाली, "आता बाबा भिंतीपलीकडे." आणि उठून त्यांना बोलवायला गेली.

---

मुका_साक्षी

ताई, त्यांना माझा सलाम सांगा.

---

दोन_घडी

पाळकसाहेब, मांडी बदलायचा नियम आमच्या गटप्रमुखांना पाठवला आहे. त्यांचा फोन आला होता. या शुक्रवारी जुळ्यांना दोघी आज्या घेऊन बसणार आहेत, एक या टोकाला, एक त्या.